पुढचा डावा पाय

दि. ३ मार्च

चि. ठोक्यास,

अनेक आशीर्वाद. 'अनेक' हा शब्द गाळायचा विचार होता, पण आईने लावलेली सवय मोडवत नाही.

तुझ्या पागेचं 'टाप' नावाचं त्रैमासिक पोचलं. कागद इतका गुळगुळीत की हातातून दोनदा निसटलं. पहिली चार पानं निकालांची. तुझ्या एकोणीस घोड्यांनी कुठे कुठे किती उड्या मारल्या, कोण पहिला, कोण दुसरा, कोणाचा खूर आडव्या दांडीला लागून गुण गेले. ते मी वाचलं, कारण त्यात निदान आकडे खरे असतात. मग पाचवं पान उघडलं. 'अश्वकल्याण वार्ता'. तबेल्यात सकाळी मंद संगीत लावलं जातं. नवे पंखे बसवले आहेत. घोड्यांसाठी 'ताणमुक्ती सप्ताह' पाळला गेला, आणि त्याच्या उद्घाटनाला तुझे ते सिमेंटवाले मालक आले आणि बोलले. घोड्यांचा ताण त्या दिवशी किती वाढला ते छापलेलं नाही. शेवटी जाड अक्षरात: 'आमचे घोडे म्हणजे आमचं कुटुंबच!' अरे, तुझ्या कुटुंबात मीही आहे. माझ्या तोंडात लोखंड घालून मला पळवण्याची कल्पना तुला अजून सुचली नाही, हे माझं भाग्य.

पण हे पत्र त्या पानासाठी नाही. मधल्या पानावर भिंगरीचा फोटो आहे. गळ्यात फीत, बाजूला चषक, आणि खाली मथळा: 'विजयानंतरची ऐट!'

तो फोटो पुन्हा काढ आणि नीट बघ. आपण नालबंदाची मुलं आहोत. मी आठ वर्षांची आणि तू सहाचा असताना अण्णांनी आपल्याला कुंपणापाशी उभं करून एकच गोष्ट महिनाभर घोकून घेतली होती. घोडा दमला की मागचा पाय सैल सोडतो, तो आराम. पुढचा पाय वीतभर पुढे टाकून, त्यावरचा भार काढून उभा राहिला, तर ते दुखणं. तुझी भिंगरी पुढचा डावा पाय पुढे टाकून उभी आहे. तू तिच्या दुखण्याचा फोटो काढलास, त्याला ऐट म्हणालास आणि तीन हजार प्रती छापल्यास.

एक एप्रिलला अंतिम स्पर्धा आहे असंही छापलं आहेस. तिच्या पाठीवर तुझीच मुलगी बसणार आहे. उडी मारून खाली येताना सगळा भार आधी पुढच्या पायावर येतो, हे मी तुला सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. तिचं नाव काढून घे. फोन करत नाही, कारण मागच्या वेळी तू तो टेबलावर ठेवून चहा प्यायला गेला होतास आणि मी पाऊण तास टेबलाशी बोलले.

वहिनीला आशीर्वाद, चिमटीला पापा. तुझ्यावर लोभ आहे. सध्या बाहेर काढलेला नाही.

तुझी,
ताई

*

दि. ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. विनंती विशेष अशी, की पुढच्या वेळी पत्र लिहिण्यापूर्वी समोर श्रोते बसले आहेत असं समजू नये.

फोटोवरून निदान करणारी तू पहिलीच. मागे वर्तमानपत्रात तुझ्या भाषणाचा फोटो आला होता, तोंड कानापर्यंत उघडलेलं. तुझी दाढ दुखते आहे असं मी तुला लिहिलं होतं का? घोडा दिवसभरात शंभर वेळा पाय हलवतो. त्यातला एक क्षण कॅमेऱ्यात सापडला. भिंगरीला डॉक्टरांनी तपासलं आहे, स्पर्धेला योग्य असल्याचा दाखला माझ्या कपाटात आहे, आणि गेल्या महिन्यात तीन स्पर्धांत ती दोनदा पहिली आली आहे. दुखऱ्या पायाने कोणी पहिलं येतं का?

तू शेवटचा खूर हातात घेतलास त्याला चाळीस वर्षं झाली. त्यानंतर तू शाळेत शिकवलंस, जाडजाड पुस्तकं वाचलीस, आणि मुक्या प्राण्यांवर बोलायला लागलीस. चांगलं बोलतेस. लोक टाळ्या वाजवतात, चपला शोधतात आणि घरी जातात. माझ्याकडे पहाटे पाचला एकोणीस घोडे दारावर लाथा मारतात. त्यांना भाषण चालत नाही, गवत लागतं. अण्णांची कंबर गेली तेव्हा त्यांची हत्यारं मी उचलली. तू 'श्रमाची प्रतिष्ठा' या विषयावर परगावी बोलत होतीस. मला तारीखसुद्धा आठवते.

आणि भिंगरी माझी नाही, मालकांची आहे. इथले सात घोडे त्यांचे आहेत. नाव काढून घे म्हणायला तुझं काय जातं? जीभ उचलून टाळ्याला लावायची.

तुझी भावजय म्हणते, की वन्सं रागावल्या की अक्षर फार सुंदर काढतात, पत्र जपून ठेवा. ठेवलं आहे. प्रकृतीस जपावे. लोभ मागत नाही. तू तो मोजून देतेस.

तुझा,
ठोक्या

*

दि. १३ मार्च

चि. ठोक्यास,

आशीर्वाद. या खेपेला एकच.

तुझ्या पत्रात सगळं आहे. माझी जीभ आहे, अण्णांची कंबर आहे, कपाटातला दाखला आहे. भिंगरीचा पाय कसा आहे, तेवढं नाही. वर्गात उत्तर न येणारी मुलं असंच पान भरायची, म्हणून मला ही जात ओळखू येते. अण्णांच्या बाबतीत तू जे लिहिलंस ते खरं आहे आणि ते मी गिळलं. पण माझ्या चाळीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याने तुझ्या घोडीचा आजचा पाय बरा होत नाही.

दाखला मला सांगू नकोस. तुमच्या डॉक्टरांनी तिला कुठे पाहिलं? मऊ वाळूत, उभ्याउभ्या, मालकांशी बोलत. कठीण जमिनीवर दुडकी चालवून टापा ऐकल्या का? ते ऐकत नाहीत, कारण ऐकू येईल.

आणि दुखऱ्या पायाने कोणी पहिलं येतं का, हे तू मला विचारतोस? कुत्र्याला दुखलं तर ते केकाटतं, मांजर फिसकारतं, माणूस तर सभाच घेतो. घोडा गप्प राहतो. कळपात जो लंगडतो त्याला वाघ आधी धरतो, हे त्याच्या हाडात लिहिलेलं आहे. जितकं दुखेल तितकं तो लपवतो, आणि जितकी भीती तितकी उंच उडी. तुमचा सगळा खेळ त्या भीतीवर उभा आहे, आणि तुम्ही तिला शौर्य म्हणून फिती बांधता. चौकाचौकांत राजांचे पुतळे आहेत. राजाची तलवार कोणत्या हातात होती यावर पंडित भांडतात. खालच्या जनावराचा पाय कसा होता ते आजवर एकाही पंडिताने विचारलेलं नाही. तुझी पागा त्याच पंडितांच्या वंशातली. फक्त तुमच्याकडे पंखे आहेत.

तो मथळा लिहिणारा जो कोणी अर्धवट आहे, त्याला माझा निरोप दे. त्याला घोडा आणि सोफा यांतला फरक कळत नाही. त्याने सोफ्यांच्या दुकानात जावं, तिथे सगळे चारी पायांवर निमूट उभे असतात.

सोमवारी मी अश्वक्रीडा मंडळाला पत्र पाठवणार आहे, सोबत ते मधलं पान जोडून. आधी कळवते आहे, कारण पाठीमागून वार करायची आपल्या घरात रीत नाही.

लोभाचं पुढच्या पत्री.

ताई

*

दि. १६ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. नमस्कार. पत्रास कारण की, तो अर्धवट मी आहे.

'टाप' मीच जुळवते. त्या दिवशीचे बेचाळीस फोटो होते. बाकीच्यांत भिंगरीचे पाय मालकांच्या पोटामागे किंवा चषकामागे लपले होते. या एकात चारी पाय दिसत होते, म्हणून हाच घेतला. मथळाही मीच लिहिला, आणि तो मुद्दाम इतका मूर्ख लिहिला की तुझी नजर तिथे अडकावी. छापण्याआधी पान बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि चषक थोडा काळपट आलाय, एवढंच म्हणाले. तेव्हा मला कळलं की त्यांनीही पाहिलंय. तीन हजार लोकांकडे ते पान गेलं, आत्या, आणि ते वाचता येणारं माणूस एकच होतं. सोफ्यांचं वाचून आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

आता कृपा करून मंडळाला पत्र पाठवू नकोस. मंडळाचे चिटणीस रोज संध्याकाळी मालकांबरोबर पत्ते खेळतात. तुझं पत्र दुपारी पोचलं तर संध्याकाळी भिंगरी दुसऱ्या पागेत असेल. गेल्या वर्षी मालकांचा काळा घोडा लंगडत होता तेव्हा बाबा एकदाच नाही म्हणाले होते. मालकांनी त्याच दिवशी गाडी पाठवली. तिकडे तो दोन स्पर्धांत उतरला. पुढे काय झालं ते इथे कोणी विचारत नाही, आणि बाबा तेव्हापासून नाही म्हणत नाहीत. मी बसायला नकार दिला तर मालकांचा भाचा टपलेलाच आहे. त्याचं वजन माझ्या दीडपट, आणि हात असे की लगाम ओढतोय की विहिरीतून बादली काढतोय ते कळू नये.

बाबांना मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, एक तारीख होऊन जाऊ दे, मग वर्षभर विश्रांती देऊ. दुसऱ्यांदा कानस घेऊन नाल घासत बसले. आणखी एक. भिंगरीला नाल मारताना तिचा पाय नेहमी मी धरते. मागच्या दोन्ही वेळी त्यांनी मला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर चार दिवस ती चांगली चालते.

मला पडायची भीती वाटत नाही. ती पडेल आणि तेव्हा मी तिच्या पाठीवर असेन, याची वाटते.

हे पत्र फाडून टाक. बाबांवर फार चिडू नकोस. ते हल्ली अर्ध्या ताटावरून उठतात. तुझ्या लोभातला माझा वाटा त्यांना दे, मला सध्या पुरेसा आहे.

तुझी,
चिमटी

*

दि. २० मार्च

चि. चिमटीस,

अनेक, अनेक आशीर्वाद.

मंडळाचं पत्र फाडलं. चार पानांचं होतं आणि, खोटं कशाला बोलू, फार छान झालं होतं. ते पोचलं असतं तर टाळ्या मला मिळाल्या असत्या आणि गाडीत भिंगरी चढली असती. माझ्यासारख्या बोलक्या माणसांची अक्कल बरेचदा इथे संपते.

अर्धवट हा शब्द परत घेते. तो आता दुसऱ्या एकासाठी लागणार आहे. त्याला वेगळं पत्र टाकलं आहे, फार लांब नाही.

तुझी,
आत्या

*

दि. २० मार्च

चि. ठोक्यास,

आशीर्वाद. पुढच्या डाव्या नालाखाली काय आहे?

ताई

*

दि. ५ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या जन्मातलं सगळ्यात छोटं भाषण मिळालं. ते मी अकरा दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. उत्तर आता देतो.

चामड्याची चकती होती. खुराच्या तळाला मार लागला होता, आतून काळंनिळं झालं होतं. मार बसू नये म्हणून चकती घालतात, अण्णाही घालायचे, पण ते त्याआधी घोड्याला महिनाभर सोडून द्यायचे. मी चकती घातली आणि तिला उड्या मारायला लावल्या. वर नाल ठोकला की कोणाला दिसत नाही. दिसू नये म्हणूनच दार लावलं होतं.

एक तारखेला सकाळी पाहणी होती. प्रत्येक घोड्याला हाताने धरून काँक्रीटच्या पट्ट्यावर दुडकी पळवायचं, तीन परीक्षक पाहतात आणि पास-नापास सांगतात. मी मनाशी एक भेकड बेत केला होता. भिंगरीला स्वतः धरायचं, दोर सैल सोडायचा, म्हणजे ती लंगडेल, ते नापास करतील, आणि मला मालकांपुढे तोंड उघडावं लागणार नाही. तुला हसू येईल. हस.

ती लंगडली. थोडीच, पण लंगडली. टापांचा ठेका चुकला तो मला माझ्या दातांत जाणवला. एक परीक्षक मोबाइल बघत होता. दुसरा मालकांना नमस्कार करत होता. तिसऱ्याने मान वर न करता लिहिलं आणि ओरडून सांगितलं, पास. मागचा घोडा पुढे आला. चिमटी खोगीर घेऊन कठड्यापाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ताई, त्यांनी नापास केलं असतं तर मी आयुष्यभर तसाच राहिलो असतो. पास केलं म्हणून पंचाईत झाली. कडेला मैदानावरचा नालबंद आपल्या पेटीवर बसला होता. त्याची पकड मागून घेतली, तिथेच पट्ट्यावर वाकलो, पाय गुडघ्यांत धरला आणि नाल उपटला. चकती निघाली आणि मागून पू आला, काळा. वास असा की पहिल्या रांगेतल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. मी पाय तसाच धरून ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणालो, "ही चकती मी घातली. मी नालबंदाचा मुलगा आहे, मला माहीत होतं."

पुढचं ऐक, तुझ्या कामाचं आहे. मोबाइलवाले परीक्षक जवळ आले आणि हळूच म्हणाले की नाल परत ठोका, फोटोवाले येतायत. दाखला देणाऱ्या डॉक्टरांना अचानक दुसरीकडे काम निघालं. मंडळाने तासाभरात माझ्यावर वर्षाची बंदी घातली. इतक्या चपळाईने त्यांनी आजवर खुर्चीसुद्धा हलवलेली नाही. ती मला मान्य आहे. पण काल त्यांचं पत्रक आलं: 'परीक्षकांच्या दक्षतेमुळे घोडीचं दुखणं उघडकीस आलं.' तिन्ही दक्ष परीक्षक पुढच्या महिन्यात पुन्हा बसणार आहेत. मी पत्रक दोनदा वाचलं, आणि मला पहिल्यांदा तू जन्मभर इतकी का ओरडतेस ते कळलं.

मालक आपले सगळे घोडे घेऊन गेले, भिंगरी सोडून. तिचं काय करायचं विचारलं तर गाडीत बसता बसता म्हणाले, संपवून टाका. तेव्हा तुझी भावजय पुढे झाली. संपवायचंच असेल तर आम्हाला देऊन टाकल्याचं लिहून द्या, म्हणाली, आणि तसा कागद पुढे धरला. लोक बघत होते. त्यांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून सही केली, पेनसुद्धा परत घेतलं नाही.

आता अडचण. पंधरा दिवसांत मंडळाच्या नोंदवहीत नवा मालक लागला नाही तर नोंद जुन्याच मालकांकडे राहते, आणि त्यांचा शब्द तुला सांगितलाच. बंदी असलेला माणूस मालक होऊ शकत नाही. त्याच्या घरचंही कोणी चालत नाही. एकाच आडनावाचं नको आणि एका छपराखालचं नको. कोणाला घालायचं यावर आम्ही विचार करत बसलो होतो. तुझी भावजय म्हणाली, त्यात विचार कसला, वन्संचं आडनावही वेगळं आणि छप्परही, त्यांचं नाव घाला, तोंडाने तर त्या जगातल्या सगळ्याच घोड्यांच्या मालकीण आहेत.

अर्ज सोबत जोडला आहे. नवीन डॉक्टरांनी पू काढला. हाडापर्यंत गेलेला नाही. तीन महिन्यांत नीट चालेल, पुन्हा उडी कधीच मारणार नाही. रोज दोनदा तिचा खूर कोमट मीठपाण्याच्या बादलीत मी धरतो. चिमटी माझ्याशी बोलायला लागली आहे, निदान बादलीपुरती.

नाही म्हणालीस तरी राग मानणार नाही. तुझी सही पंधरा तारखेच्या आत हवी. लोभ मागायची या घडीला माझी लायकी नाही, भिंगरीसाठी मागतो.

तुझा,
ठोक्या

*

दि. ८ एप्रिल

चि. ठोक्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझा अभिमान वगैरे वाटला असं लिहीन अशी आशा ठेवू नकोस. स्वतः ठोकलेला खिळा स्वतः उपटला, याला शौर्य म्हणत नाहीत. उशिरा आलेली शुद्ध म्हणतात. अण्णा असते तर तुला आधी कानफटीत मारली असती आणि मग जेवायला वाढलं असतं. मी लांब आहे, दोन्ही जमत नाही. त्या तीन दक्ष महापुरुषांचं माझ्यावर सोपव. ते पत्रक मी पुढच्या सभेत वाचून दाखवणार आहे, माझा एकही शब्द न घालता. कधी कधी समोरच्याचं लेखनच इतकं नीच असतं की वक्त्याने गप्प बसावं.

आता अर्ज. जन्मभर मी घोड्यांच्या मालकांवर तोंडसुख घेतलं, त्यांना पोटभरू, मिरवणारे, पाठीवरची बांडगुळं म्हटलं, आणि आता सरळ रेषेवर सुंदर अक्षरात 'मालक' या शब्दापुढे माझं नाव लिहावं लागलं. लिहिताना कान तापले. तुझ्या बायकोला सांग की टोमणा पोचला, आणि तो खरा आहे. सांग, की गाडीच्या टपावर तिने जे केलं ते माझ्या तीस वर्षांच्या भाषणांनी झालं नव्हतं.

सही केली आहे. पण मालकीणच व्हायचं तर नीट होईन. तिच्या पाठीवर कोणी बसणार नाही, चिमटीसुद्धा नाही, तिला वाईट वाटलं तरी. तबेल्यातलं संगीत बंद. नवीन डॉक्टरांनी मला स्वतः लिहून कळवायचं, तुझ्यामार्फत नाही. तुझ्या कपाटातल्या दाखल्यांवर माझा विश्वास बसायला वेळ लागेल, आणि तो वेळ मी घेणार. शनिवारी मी येते आहे. तू बादलीचं लिहिलंस. मी खूर हातात घेऊन चाळीस वर्षं झाली हेही तूच लिहिलं होतंस. एक वेळची बादली माझी. कंबर धरली तर तू हसायचं नाहीस.

अर्जाच्या मागच्या बाजूला एक रकाना होता: 'घोड्याचा उपयोग'. स्पर्धा, प्रशिक्षण, पैदास, इतर. एकावर खूण करा, असं छापलं होतं. मी 'इतर'वर केली. पुढे रिकामी रेघ होती, तिथे तपशील भरायचा. त्या रेघेपाशी मी बराच वेळ बसले. भाषणाची वाक्यं सुचत होती, ती सगळी खोडली आणि लिहिलं: 'काही नाही.'

मंडळातला कारकून तो अर्ज परत पाठवेल, तपशील अपुरा म्हणून. पाठवू दे. मी पुन्हा तेच लिहीन.

लोभ होताच. घे.

तुझी,
ताई